4 अंशांतला जीव, 30 अंशांतली काचपट्टी: एका ध्रुवीय युप्लोटिसच्या रूपवर्णनाचं प्रकरण

प्रकरण असं. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीच्या काठच्या गाळातून आलेला एक समुद्री सिलिएट, म्हणजे अंगावरच्या बारीक केसांसारख्या पक्ष्माभिकांनी हालचाल करणारा एकपेशीय जीव, गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत 4 अंश सेल्सिअसला वाढत होता. वंश युप्लोटिस, यावर दुमत नव्हतं. मूळची पेडण्याची असलेली एक संशोधक विद्यार्थिनी त्याचं सविस्तर रूपवर्णन लिहायला बसली आणि पहिल्याच टप्प्यावर तिची गाडी अडली. एकाच बाटलीतून घेतलेल्या पेशींची तिची चित्रं दोन प्रकारची येत होती. काही पेशी लांबट, पाठीवर ठळक उभ्या कडा असलेल्या. काही आखूड, रुंद, पाठ जवळजवळ गुळगुळीत. ती मला म्हणाली, "सर, मला वाटतं बाटलीत दोन जाती आहेत. आणि त्यातली एक कुठल्याच वर्णनात बसत नाही."

मी सूक्ष्मदर्शकाचं काम बघतो, म्हणून मला बोलावलं होतं. प्रयोगशाळेत तोवर 'नवी जाती' हे शब्द उच्चारले गेले होते. एकदा ते उच्चारले गेले की सगळ्यांचं पाहणंच बदलतं, म्हणून घाई होण्याआधी हे प्रकरण नीट उलगडणं गरजेचं होतं.

ध्रुवाजवळचा गाळ गोव्यात यावा यात आता नवल राहिलेलं नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली होती. वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंदला 2008 पासून 'हिमाद्री' हे भारताचं आर्क्टिक केंद्र चालतं आणि 2014 मध्ये कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात 'इंडआर्क' ही निरीक्षणयंत्रणाही सोडली गेली. पण नमुना इथे पोचला म्हणून तो इथल्या हवेत जगतो असं नाही. गोव्याची हवाच या प्रकरणातली मुख्य अडचण ठरली.

युप्लोटिस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा एकपेशीय जीव पोहण्यापेक्षा चालतो जास्त. त्याच्या पोटाकडच्या बाजूला पक्ष्माभिका सुट्या नसतात; अनेक पक्ष्माभिका मिळून एक जाड जुडगा होतो, त्याला सिरस म्हणतात. या सिरसांवर तो गाळाच्या कणांवरून तुरुतुरु धावतो, थबकतो, थोडा मागे येतो, पुन्हा धावतो. पुढच्या-मधल्या भागात सिरसांचा एक गट असतो. अनेक जातींत ते 10 असतात, काहींत 9 किंवा त्याहून कमी. मागच्या बाजूला आडव्या गटात सहसा 5 जाडजूड सिरस, आणि अगदी मागे व डाव्या कडेला आणखी थोडे. डाव्या बाजूने पुढून खाली उतरणारा पातळ पडद्यांचा पट्टा अन्न तोंडाकडे लोटतो. पाठीवर आखूड, ताठ पक्ष्माभिकांच्या उभ्या ओळी असतात, त्यांना कायनेटी म्हणतात. आत 'C' अक्षरासारखं वळलेलं बृहत्केंद्रक आणि त्याच्या शेजारी एक चिमुकलं लघुकेंद्रक.

जाती ओळखताना यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हाच रूपवर्णनाचा गाभा. सिरसांची संख्या आणि मांडणी, पाठीवरच्या कायनेटींची संख्या, मधल्या कायनेटीतल्या पक्ष्माभिकांची संख्या, केंद्रकाचा आकार, आणि चांदीचा रंग दिल्यावर पाठीवर उमटणारी जाळी, यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. शरीराची रुंदी, फुगीरपणा, पाठीवरच्या कडांचा ठळकपणा मात्र परिस्थितीनुसार बदलू शकतो. याचं उत्तम उदाहरण गोड्या पाण्यातल्या युप्लोटिस ऑक्टोकॅरिनेटसचं. कूलमान आणि हेकमान यांनी 1985 मध्ये दाखवलं, की लेंबेडियन नावाचा शिकारी सिलिएट जवळ असला तर त्याने पाण्यात सोडलेल्या द्रव्यामुळे या युप्लोटिसच्या बाजूंना पंख फुटल्यासारखे होतात, पाठही उंचावते आणि तो शिकाऱ्याच्या तोंडात मावेनासा होतो. जाती तीच, अंगाची ठेवण वेगळी. हे उदाहरण मी त्या दिवशी विद्यार्थिनीसमोर मुद्दाम ठेवलं, कारण तिच्या दोन 'जातीं'मधले सगळे फरक नेमके याच बदलत्या गुणांचे होते: रुंदी, फुगीरपणा, कडा.

तिने वहीत लिहून ठेवलेले तपशील फार चांगले होते, आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. प्रत्येक चित्राखाली तारीख, कल्चरची बाटली, खाद्य आणि वेळ होती. खाद्य म्हणून ड्युनॅलिएला ही हिरवी एकपेशीय शेवाळं दिली जात होती. आम्ही चित्रं वेळेप्रमाणे लावली. लांबट पेशींची चित्रं काचपट्टी तयार केल्याबरोबर काढलेली होती. रुंद पेशींची चित्रं त्याच काचपट्टीवर उशिरा काढलेली, किंवा एकाच पेशीचा पाठलाग करत तासभर बसून काढलेली. दोन्ही प्रकार एकाच क्षणी, एकाच काचपट्टीवर शेजारी शेजारी दिसल्याची नोंद कुठेच नव्हती. बाटलीत खरोखर दोन जाती असत्या तर तशी एक तरी नोंद सापडायला हवी होती.

तरी एवढ्यावर निकाल देता येत नाही. आमच्यासमोर तीन शक्यता होत्या. खरंच दोन जाती असतील. नाहीतर वर ठेवलेल्या पातळ काचेच्या दाबाने पेशी चेपून रुंद होत असतील. काचेखालचं पाणी उडत जातं तशी काच खाली बसते, त्यामुळे हा दाबही वेळेबरोबर वाढतोच. किंवा तिसरं, पेशी तापत असतील.

पहिली शक्यता तपासायला तिने एकेक पेशी बारीक काढलेल्या काचनळीने उचलली, थंड, गाळलेल्या समुद्रपाण्याच्या थेंबांतून एकामागून एक धुतली आणि वेगवेगळ्या खळग्यांत ठेवली. एका पेशीपासून वाढलेली वंशावळ म्हणजे क्लोन. तिच्यात दुसरी जाती शिरायला वाव नसतो. 4 अंशांना हे जीव सावकाश वाढतात, एकाचे दोन व्हायला दिवस लागतात, त्यामुळे वाट पाहावी लागली. क्लोन भरले तेव्हा प्रत्येकात तेच दिसलं: काचपट्टी ताजी असताना लांबट पेशी, उशिरा पाहिलं तर रुंद. दोन जातींचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसऱ्या शक्यतेसाठी वरच्या काचेच्या चारही कोपऱ्यांखाली व्हॅसलिनचे छोटे पाय दिले आणि कडाही व्हॅसलिननेच बंद केल्या. आता काच खाली बसणार नव्हती आणि पाणी उडून खारटपणाही वाढणार नव्हता. तरीही पेशी रुंद होत गेल्या. म्हणजे दाब हे मुख्य कारण नव्हतं.

उरली उष्णता. बारीक तारेचं तापमापक काचपट्टीला टेकवून पाहिलं तर ती थोड्याच वेळात खोलीच्या तापमानाला, म्हणजे 30 अंशांच्या आसपास पोचत होती. जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या हॅलोजन दिव्याची भर वेगळीच. आयुष्यभर 4 अंशांत राहिलेल्या पेशीला आपण भट्टीच्या तोंडाशी उभं करत होतो आणि मग तिची ठेवण वहीत उतरवत होतो. आधी तिचा वेग वाढायचा, मागच्या उजव्या बाजूची संकोची रिक्तिका (जादा पाणी बाहेर टाकणारी पिशवी) भराभर उघडमीट करू लागायची. मग धावणं थांबायचं, पेशी जागच्या जागी फिरायची, अंग फुगायचं, पाठीवरच्या कडा ताणून सपाट व्हायच्या. ही 'दुसरी जाती' म्हणजे मरायला टेकलेली पहिलीच जाती होती.

ध्रुवीय युप्लोटिसांच्या बाबतीत हे अगदी समजण्यासारखं आहे. अंटार्क्टिकातल्या टेरा नोव्हा उपसागरातून मिळालेल्या आणि 1990 मध्ये वाल्बोनेसी आणि लुपोरिनी यांनी वर्णन केलेल्या युप्लोटिस फोकार्डीवर पुढे पुष्कळ काम झालं. साधारण 4 ते 5 अंशांना तो सर्वांत चांगला वाढतो. आपल्याकडच्या बहुतेक जीवांच्या पेशी तापल्या की एचएसपी-70 हे संरक्षक प्रथिन झपाट्याने बनवू लागतात; फोकार्डी उष्णतेचा धक्का बसल्यावर ते करत नाही. कायमच्या थंडीत राहून ही तयारीच त्याने गमावलेली आहे. आमचा जीव फोकार्डी नव्हे, पण सावधगिरीची पातळी तीच हवी, एवढं त्यावरून घेता येतं.

उपाय सोपा वाटतो: काचपट्टी थंड ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात ते करून पाहावं. हवा एवढी दमट असते की 4 अंशांची काचपट्टी शीतपेटीतून बाहेर काढल्याक्षणी दवाने पांढरी होते, वरून आणि खालूनही. पुसली तर पुन्हा. त्याहून वाईट म्हणजे थंड काचपट्टीच्या जवळ आलेल्या लेन्सवरही दव धरतं, आणि ओलावा लेन्सच्या आत मुरला की बुरशी आलीच. गोव्यात सूक्ष्मदर्शक सांभाळणाऱ्या प्रत्येकाने बुरशीने खाल्लेली एक तरी लेन्स पाहिलेली असते. शीतखोलीतच सूक्ष्मदर्शक नेऊन ठेवायचा विचार झाला, पण बाहेर काढताना त्याची अवस्था काय होईल ते सांगायला नको, म्हणून मी नको म्हटलं.

शेवटी असं बसवलं. वातानुकूलित खोली शक्य तेवढी थंड आणि कोरडी केली, ओलावा शोषणारं यंत्र आदल्या रात्रीपासून चालू. सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर थंड पाणी फिरणारी पितळी पेटी, आणि काचपट्टीवर सिलिका जेलमधून आणलेल्या कोरड्या हवेचा मंद झोत. दिवा एलईडीचा, तोही फक्त पाहताना चालू. काचपट्टीवर 6 ते 7 अंश टिकले. एवढ्यात पेशी पूर्ण लांबट राहिल्या, कडा ठळक राहिल्या, आणि विद्यार्थिनीला एकेक पेशी निवांत पाहता आली. तापमानाची नोंद प्रत्येक चित्राखाली आली. माझ्या मते हा आकडा रूपवर्णनात सूक्ष्मदर्शकाच्या वर्धनाइतकाच अनिवार्य आहे. 'जिवंत पेशी, अमुक लांबी' असं लिहून तापमान न सांगणाऱ्या ध्रुवीय जातीच्या वर्णनावर मी अर्धाच विश्वास ठेवतो.

वीज गेली तर काय, हा गोव्यात दर जूनला पडणारा प्रश्न. कल्चरच्या बाटल्यांसाठी बर्फ-पाण्याने भरलेले थर्मास तयार ठेवायचे ठरलं. इथे एक बारकावा आहे. बर्फ आणि पाणी एकत्र असेल तर ते 0 अंशांवर स्थिर राहतं, आणि समुद्राचं पाणी जवळपास उणे 2 अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणून नळी सुरक्षित राहते. पण फ्रीझरमधून काढलेला, पाण्यात न ठेवलेला बर्फाचा खडा थेट नळीला लागला तर तो त्याहून कितीतरी थंड असतो आणि कल्चर गोठवू शकतो. वास्कोहून पणजीकडे नमुना नेतानाही हीच पद्धत पाळली. कुठ्ठाळीला गाड्यांची रांग लागली तरी मग जीव टांगणीला लागत नाही.

आता चांदीचं काम. सिलिएटचं रूपवर्णन चांदीशिवाय पुरं होत नाही. पक्ष्माभिकांची मुळं आणि पृष्ठभागाची जाळी जिवंत पेशीत नीट दिसत नाही, चांदीचे क्षार तिथे बसले की ती काळी होऊन उठून दिसते. प्रोटार्गॉल या चांदीयुक्त रंगद्रव्याने सिरस आणि केंद्रक चांगले दिसतात, पाठीच्या जाळीसाठी शातों-ल्वॉफ पद्धतीचं सिल्व्हर नायट्रेट हवं. व्यापारी प्रोटार्गॉल मिळणं अवघड झाल्यावर ते प्रयोगशाळेतच बनवण्याची कृती 2013 मध्ये छापून आली, तिचा आम्हाला फार उपयोग झाला.

सिल्व्हर नायट्रेटने मात्र सुरुवातीला दमवलं. पेशी जिलेटिनच्या पातळ थरात बसवून थंडीत चांदीत बुडवायच्या असतात. जिलेटिन 30 अंशांच्या पुढे सैल पडतं, आणि इथे तर खोलीच तेवढी तापलेली. थर घसरला, पेशी वाहून गेल्या. सगळी भांडी, पट्ट्या, चिमटे आधी बर्फावर ठेवून काम केल्यावरच थर टिकला. दुसरी अडचण समुद्राच्या मिठाची. पेशींभोवती मीठ उरलं की चांदीशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइडची पांढुरकी साय धरते, आणि प्रकाश मिळाला की तीच काळी पडून सगळं झाकून टाकते. उपाय एकच: थंड ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं, आणि ते पाणी खरंच क्षारमुक्त आहे का हे सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून आधी पाहणं. शिवाय पेशी स्थिर करायचं द्रावणही 4 अंशांना थंड करूनच वापरलं, नाहीतर ते ओतण्याच्या क्षणीच पेशी फुगते आणि आधीची सगळी काळजी वाया जाते.

साफ पट्ट्या हाती आल्या तेव्हा विद्यार्थिनीने मोजणी केली. विभाजन होत असलेल्या पेशी वगळल्या, कारण त्यांच्यात जुने सिरस विरत असतात आणि नवे उगवत असतात, मोजणी दुपटीच्या घरात जाते. उरलेल्यांत पुढच्या-मधल्या गटात 10 सिरस, आडव्या गटात 5. पाठीवर शेजारच्या दोन कायनेटींच्या मध्ये बहुकोनी चौकटींच्या दोन ओळी, दोन्ही साधारण सारख्या रुंदीच्या. या ठेवणीला दुहेरी-युरिस्टोमस म्हणतात. दोन ओळींतली एक अरुंद असती तर ती दुहेरी-पॅटेला झाली असती, आणि एकच ओळ असती तर एकेरी-व्हॅनस. महत्त्वाचं म्हणजे, थंडीत स्थिर केलेल्या आणि मुद्दाम तापवून फुगल्यावर स्थिर केलेल्या, दोन्ही तुकड्यांत सिरसांची संख्या आणि जाळीची ठेवण तंतोतंत एक निघाली. अंग फुगलं, पण हिशेब बदलला नाही.

मग तुलना. ध्रुवीय युप्लोटिसांत आर्क्टिकमधून काही आलं की सगळ्यांच्या मनात पहिलं नाव येतं ते युप्लोटिस नोबिलीचं. हाही 1990 मध्ये फोकार्डीबरोबरच अंटार्क्टिकातून वर्णन झाला, पण पुढे तो आर्क्टिकमध्येही सापडला. 2011 मध्ये एक फार सुंदर गोष्ट सिद्ध झाली: अंटार्क्टिक आणि आर्क्टिक नोबिली एकमेकांचे पाण्यात सोडलेले संदेशप्रथिनांचे संकेत ओळखतात आणि त्यांचा आपसात समागमही होतो. मध्ये अख्खा उष्ण कटिबंध, तरी ओळख शाबूत. त्यामुळे कोंग्सफ्योर्डच्या युप्लोटिसला नवं नाव देण्याआधी तो नोबिली नाही हे दाखवणं ही वर्णन करणाऱ्याची जबाबदारी ठरते.

इथे थोडी ओढाताण झाली, ती सांगायला हवी. नवी जाती म्हटलं की शोधनिबंधाचं वजन वाढतं, आणि संशोधक विद्यार्थिनीला ते वजन हवं असणं गैर नाही. पण प्राणिनामकरणाच्या संहितेप्रमाणे 2000 सालापासून नव्या जातीसोबत, नाव ज्याला कायमचं जोडलेलं राहतं असा प्रमाण नमुना स्पष्टपणे नेमून द्यावा लागतो. सिलिएटमध्ये तो सहसा चांदी दिलेल्या काचपट्टीच्या रूपात असतो आणि संग्रहालयात ठेवला जातो. त्या काचपट्टीकडे पुढची पिढी बोट दाखवणार. नाव एकदा छापलं की चुकीचं असलं तरी ते पर्यायी नावांच्या यादीत कायमचं राहतं आणि नंतरच्या प्रत्येकाला ते निस्तरत बसावं लागतं. विद्यार्थिनीने हे स्वतःच तोललं आणि नवं नाव द्यायचं नाही असं ठरवलं. मला तिच्या या निर्णयाचं मनापासून कौतुक वाटतं.

वर्णनाच्या अंतिम मसुद्यातला एक तुकडा इथे देतो, कारण मराठीतही हे नेमकेपणाने लिहिता येतं:

"शरीर ताठ, न आकुंचणारं. काचपट्टीवर 6–7 अंशांना पाहिलेल्या जिवंत पेशी लांबट अंडाकृती. उजवी कड जवळजवळ सरळ, डावी मध्यभागी बाहेर वळलेली. पाठीवर ठळक उभ्या कडा. तापमान वाढल्यास त्या सपाट होतात, म्हणून हा गुण ओळखीसाठी वापरलेला नाही. पुढच्या-मधल्या गटात 10 सिरस, आडव्या गटात 5. बृहत्केंद्रक C-आकाराचं, लघुकेंद्रक एक, पुढच्या डाव्या भागात. पाठीची सिल्व्हरलाइन-जाळी दुहेरी-युरिस्टोमस प्रकारची. मोजणीतून विभाजन करणाऱ्या पेशी वगळल्या आहेत."

त्यातलं 'म्हणून हा गुण वापरलेला नाही' हे वाक्य काढून टाकावं असं एका परीक्षकाने वाचून सुचवलं होतं. वर्णनात कारणं कशाला, असा मुद्दा. आम्ही ते ठेवलं. उद्या दुसऱ्या कुणाच्या काचपट्टीवर गुळगुळीत पाठीचा युप्लोटिस दिसला तर त्याला हेच वाक्य हाताशी हवं.

सध्याची स्थिती अशी: निबंधात या जीवाची नोंद 'युप्लोटिस, जाती निश्चित नाही' अशी आहे. क्लोन 4 अंशांना चालू आहेत. जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या 18एस जनुकाचा क्रम काढायचं काम सुरू झालं आहे, आणि नोबिलीचा एखादा ओळख पटलेला क्लोन मिळवून दोघांना एका थेंबात आणायचं ठरलं आहे. समागम झाला तर नाव आपोआप ठरेल. झाला नाही तरी तेवढ्यावरून तो नोबिली नाही असं म्हणता येणार नाही, कारण एकाच समागम-प्रकारातले दोन क्लोन एकमेकांना दाद देत नाहीत. तेव्हा आणखी क्लोन लागतील.